गोलपोस्टाखालची माणसं

नवऱ्याला घरी आणायला डबा कोणता न्यावा, यावर नोरीन ओल्डरॉइडने आठवडाभर डोकं खाजवलं. बिस्किटांचा डबा लहान पडला असता, कारण विल्फ चांगला धिप्पाड माणूस. केकचा डबा मोठा होता, पण त्याच्या झाकणावर मांजराची पिल्लं होती आणि विल्फला मांजरं डोळ्यांसमोर नको असत. शेवटी तिने नाताळच्या चॉकलेटांचा जांभळा डबा घासूनपुसून घेतला, आत धुतलेला टॉवेल अंथरला आणि जूनमधल्या त्या शनिवारी सकाळी, दुसरं कुणी यायच्या आत, ती टेंटर लेनच्या फाटकातून मैदानात शिरली.

विल्फ सहा वर्षं तिथेच होता. कालव्याकडच्या गोलसमोर, डाव्या खांबाजवळ, गवताखाली. म्हणजे त्याची राख होती.

हॅरोबेक टाउन क्लबात ही रीतच पडली होती. क्लबपायी जन्म घालवलेलं माणूस गेलं की घरचे त्याची राख घेऊन मैदानावर यायचे. मैदानाची देखभाल करणारा सेथ बॅराक्लो गोलसमोरच्या हिरवळीचा एक चौकोन कापून अलगद उचलायचा, घरचे खाली राख ओतायचे, सेथ टोपी काढून चौकोन परत बसवायचा आणि बुटाने दाबायचा. पाद्री असला तर दोन शब्द बोलायचा. नसला तर सेथच घसा खाकरून "छान खेळलास रे बाबा" म्हणायचा आणि तेवढ्यावर भागायचं. मग सगळे क्लबाच्या खोलीत जाऊन हॅमची सँडविचेस खायचे आणि गेलेल्या माणसाच्या खोड्या आठवून हसायचे.

क्लब तरी कसला, गिरणीतल्या विणकरांनी कापड वाळत घालायच्या उतारावर दोन खांब रोवले, तोच क्लब. मैदानाला उतार अजून आहे. कालव्याकडे खेळताना चेंडू आपणहून पळतो, आणि टेकडीकडे खेळताना तरणीताठी पोरं धापा टाकतात. एवढ्या वर्षांत सांगण्यासारखा दिवस एकच. एफए कपच्या पहिल्या फेरीत खऱ्याखुऱ्या लीगमधला एक संघ टेंटर लेनवर आला, अख्खं गाव भिंतींवर आणि छपरांवर चढलं, आणि आपण पाच गोल खाल्ले. पण एक केला, आणि तो विल्फ ओल्डरॉइडने डोक्याने केला. त्या एका गोलावर गाव आजतागायत मिशीला पीळ देत आलंय. बाहेरच्या कुणी त्या पाचांची आठवण काढली, तर त्याला आमच्याकडे चहासुद्धा मिळत नाही.

पुढे गिरणी बंद पडली. प्रेक्षकांच्या डोक्यावरचं छप्पर वादळाने नेलं. क्लब बुडाला, बुडाला अशी आवई कितीदा उठली, पण शनिवारी दुपारी संघ मैदानात उतरायचा तो उतरायचाच. गेल्या दोन हिवाळ्यांत मात्र पावसाने कंबरडं मोडलं. सामन्यांमागून सामने रद्द झाले आणि नोरीनला तिच्या चहाच्या टपरीतून चिप्सवर ओतायच्या गरम ग्रेव्हीची पातेलीच्या पातेली मोरीत ओतावी लागली. तेव्हा अध्यक्ष ट्रेव्हर लम्बने टूम काढली की गवत उखडून प्लॅस्टिकचं मैदान घालायचं. शाळांची मुलं आठवडाभर खेळतील, क्लब जगेल.

"प्लॅस्टिकवर काय खेळायचं, भातुकली?" सेथ बैठकीत ओरडला होता. इतका पेटलेला सेथ कुणी पाहिला नव्हता. मतं निम्मी-निम्मी पडली आणि उरलं नोरीनचं मत. तिने ट्रेव्हरच्या बाजूने हात वर केला. अट एकच घातली. यंत्रं यायच्या आधी ज्याचं माणूस त्याला गोलसमोरून उचलून नेऊ द्यायचं.

तिने टेकडीवरच्या दफनभूमीत दोघांपुरती जागाही घेऊन ठेवली होती. पूर्वी कधी मरणाचा विचार आला तर तिला वाटे, जाऊ विल्फशेजारी गोलपाशी, शनिवारी तेवढीच वर्दळ. आता ते गेलं. वर वाऱ्यात एकटीने पडून राहायची तिला खरोखर भीती वाटत होती, अगदी लहान मुलीला अंधाराची वाटावी तशी. विल्फ बरोबर असला की मग काही नाही. बाकीची मंडळी दुपारी येणार होती. विल्फला उचलताना तिला गर्दी नको होती.

सेथ गोलमध्ये बादली पालथी घालून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"लवकर आलीस," तो म्हणाला.

"तू काय रात्री इथेच झोपलास? ऊठ, फावडं आण."

"आधी चहा घेऊ या."

"चहा या गावात मी करते, सेथ. तू मला काय पाजणार? काप चौकोन."

"जमीन ओली आहे गं."

"जूनमध्ये?"

"सगळ्यांचं एकदमच केलं असतं दुपारी…"

"तू कापतोस की मी कापू?"

तो हलेना. तेव्हा तिने त्याच्या पायाशी पडलेलं फावडं उचललं. सत्तरी उलटली होती, पण हात अजून पातेली उचलणारे होते. जागा तिला पाठ होती. डावा खांब, त्याच्यापासून एक ढांग पुढे. कॉर्नर मिळाला की विल्फ तिथेच उभा राहून सगळ्यांवर खेकसायचा. तिने गवत कापलं, चौकोन उलथला आणि गुडघ्यांवर बसून खुरप्याने माती बाजूला करू लागली.

काळी माती निघाली. मुळं निघाली. एक गांडूळ निघालं. राखेचा थर वर्षानुवर्षं तसाच राहतो, असं तिला दफनभूमीतल्या माणसाने सांगितलं होतं. थर काही दिसेना. तिने खड्डा रुंद केला, मग खोल केला, मग खुरपं टाकून हातांनीच उकरू लागली. विटेचा तुकडा लागला, तोही तिने उलटापालटा करून पाहिला.

"सेथ, मी चुकीच्या जागी खणतेय का?"

"नाही."

"मग विल्फ कुठाय?"

सेथ उठून उभा राहिला. त्याने टोपी काढली. "तिथे नाहीये तो, नोरीन. तिथे कुणीच नाहीये."

तिला वाटलं, पाण्याने वाहून गेला असेल, कालव्याकडे झिरपला असेल. तिने तसं विचारलंही. सेथने नकारार्थी मान हलवली.

"राखेने गवत जळतं," तो म्हणाला. "पहिला एमॉस पुरला ना आपण, तो म्हातारा, रेफरीला शिव्या देणारा? महिन्याभरात तिथे पिवळा डाग पडला. मग टक्कल. चेंडू त्या टकलावर पडून असा उसळला की आपल्या गोलकीपरच्या डोक्यावरून आत. एमॉसने मेल्यावर आपल्याच संघावर गोल चढवला, नोरीन! त्याच्या बायकोला मी काय सांगायला हवं होतं?"

"मग काय केलंस?"

"तुम्ही सँडविचेस खायला आत गेलात की मी चौकोन परत उचलायचो."

"आणि?"

"काढून घ्यायचो. एमॉसलाही मागून काढला."

नोरीन उकरलेल्या मातीवरच बसली. "विल्फलाही?"

"विल्फलाही."

"माझ्या लग्नात तू त्याच्या शेजारी उभा होतास रे. अंगठी तुझ्या खिशात होती."

"म्हणून तर फेकला नाही! कुणालाच फेकलं नाही मी, आईची शप्पथ."

"मग कुठाय माझा नवरा?" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की कालव्यावरची बदकं उडाली.

सेथने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने पाहिलं मैदानाकडे, जिथे शेवटच्या सामन्याच्या पांढऱ्या रेषा अजून पुसट पुसट दिसत होत्या.

"फक्कीत," तो म्हणाला.

तिच्या डोक्यात काही शिरेना. कुठली फक्की?

"रेषा आखायच्या फक्कीत मिसळायचो. थोडं थोडं, दर शनिवारी. गवताला बाधत नाही तेवढ्याने. आणि उगीच कसंही नाही मिसळलं, नोरीन. ज्याची जी जागा, तिथेच. एमॉसला टचलाइनवर घातला, रेफरीच्या सहायकाच्या पायाखाली. जनीनचा पोरगा रीस गोलकीपर, त्याला गोलच्या रेषेवर. विल्फला पेनल्टीच्या ठिपक्यावर. त्या दिवशी तिथूनच डोकं लावलं होतं त्याने. विल्फ अख्खा सीझन पुरला. आधी नीट चाळून घ्यायचो, खडे राहू नयेत म्हणून."

"कशाने चाळलास?"

सेथ टोपीची कड चाचपू लागला.

"कशाने चाळलास, सेथ?"

"तुझ्या टपरीतली ती पिठाची…"

"ती चाळणी? कित्येक वर्षं शोधतेय मी ती चाळणी!"

हे बोलून झालं आणि आपण काय बोललो ते तिच्याच कानांनी ऐकलं. तिने मातीने भरलेला हात तोंडावर दाबला. नवरा चाळणीतून गेला आणि मी चाळणीसाठी भांडतेय. तिला हसू आलं का ओकारी, तिचं तिलाच कळेना.

"आणि मग?" तिने हळू विचारलं. "ठिपक्यावर घातल्यावर मग त्याचं काय झालं?"

"मग काय व्हायचं? पाऊस, बूट. पोरं पडायची त्यावर, घसरायची."

पोरं पडायची. आणि संघाचे कपडे धुते कोण? लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून सामना झाला की कपड्यांचं बोचकं तिच्याच घरी येतं. विल्फ गेला त्या हिवाळ्यात चड्ड्यांवर पांढरे डाग असे चिवट पडायचे की साबण हरायचा. हाताला खरखर लागायची. "सेथ मेल्या, फक्की कमी घाल, माझी नखं झिजली," असं ती त्याला टपरीतून ओरडून सांगायची आणि तो मेला मान खाली घालून चहा प्यायचा. नवरा गेल्याचं दुःख विसरायला म्हणून ती ते डाग घासायची. कडक ब्रशाने, दात ओठ खाऊन, पांढरं पाणी निघेनासं होईपर्यंत. ते पाणी परसातल्या मोरीत जायचं आणि मोरीतून कुठे जायचं ते देव जाणे.

"मी धुतलं त्याला," ती म्हणाली. "सेथ, मीच त्याला धुऊन टाकलं."

सेथ रडायला लागला. म्हातारा माणूस, शेंबूड गाळत रडत होता, आणि नोरीनला त्याची कणभरही दया आली नाही. तिने फावडं उचललं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. पण तो तिचा डबा उचलून, कोपर धरून तिला अवजारांच्या खोलीकडे ओढू लागला. "ये, ये, दाखवतो. थोडं आहे. थोडं उरलंय."

कोपऱ्यात रेषा आखायची गाडी उभी होती. लोखंडी टाकी, खाली चाक, लांब दांडा. सेथच्या आधीच्या माणसाची, त्याच्याही आधीच्या माणसाची. सेथने टाकीचं झाकण काढलं.

"टाकी मी कधीच धुतली नाही. तळाशी खरवड धरलीय बघ, बोटभर जाड. विल्फ आहे त्यात. असणारच."

"आणि बाकीचे?"

सेथने डोळे पुसले. मग आवाज खाली आणला. "ही सगळी तू घे. दुपारी बाकीच्यांना मी गोलसमोरची माती भरून देतो. काळी माती, त्यात काय ओळखणार? घरी नेतील, फुलं वाहतील, सुखी राहतील. तुझी वस्तू तुला मिळाली, मला शिव्या नकोत. कुणाला कळणार आहे?"

नोरीनने भिंतीवरचं खुरपं घेऊन खरवडीला हात घातला. एक पापुद्रा सुटून आला. पांढुरका, करड्या रेघांचा. तिने तो तळहातावर घेतला आणि तिला तो फार हवासा वाटला. तिने तो डब्यात टॉवेलवर ठेवला. दुसरा काढला. तिसरा. बाहेर फाटकाशी गाड्या थांबल्याचा आवाज आला, दारं वाजली, माणसांची बोलणी ऐकू आली. मंडळी दुपारची वाट न बघता आधीच आली होती. सगळ्यांना घाईच होती.

चौथ्या पापुद्र्याशी तिचा हात थांबला. यात विल्फ कुठला? हा विल्फ का एमॉस? का जनीनचा रीस, एकोणीस वर्षांचा, गेल्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेला तो? आपण त्या पोराला टेकडीवर आपल्या कुशीत नेऊन निजवणार आणि त्याची आई गांडुळांची माती उराशी धरून घरी जाणार. नोरीनला स्वतःची शिसारी आली. तिने डब्यातले तुकडे परत टाकीत टाकले.

"गाडी बाहेर काढ," ती म्हणाली.

"नोरीन, मारून टाकतील मला."

"टाकू देत. मी मध्ये पडणार नाही."

बाहेर उन्हात माणसं उभी होती. कुणाच्या हातात बरणी, कुणाच्या हातात कुंडी, एमॉसच्या मुलाकडे तर चक्क बापाचा बिअरचा मग. ट्रेव्हर लम्ब गळ्यात टाय बांधून भाषणाच्या तयारीत होता. गाडीच्या चाकाचा करकर आवाज आला तसे सगळे वळले. पुढे नोरीन कोपरापर्यंत चिखलाने माखलेली, मागे सेथ दांडा ओढत.

नोरीनने आढेवेढे घेतले नाहीत. सेथने तिला सांगितलं तेच, त्याच क्रमाने तिने सगळ्यांना सांगितलं. गवत, टक्कल, चौकोन, चाळणी, फक्की. कोण कुठल्या रेषेवर गेलं तेही. शेवटी म्हणाली, "आणि पोरांच्या कपड्यांना जे लागलं ते मी धुऊन टाकलं. मला माहीत नव्हतं. पण धुतलं मीच."

मागे कुणीतरी एकदाच हसलं, आणि लगेच थांबलं. कुणाच्या तरी हातून बरणी सुटून फुटली, ती उचलायला कुणी वाकलं नाही. ट्रेव्हरने टायची गाठ सैल केली. "अरे देवा," तो म्हणाला, "अरे देवा, अरे देवा." एमॉसचा मुलगा पुढे झाला, सेथची कॉलर धरली, मूठ उगारली. सेथने तोंड चुकवलं नाही. मूठ तशीच वर राहिली.

"टचलाइनवर?" मुलाने विचारलं. "सहायकाच्या पायाखाली?"

"हो."

मुलाने कॉलर सोडली आणि पाठमोरा होऊन कुंपणाला डोकं टेकलं. त्याचे खांदे हलत होते.

"या टाकीत खरवड आहे," नोरीन म्हणाली. "त्यात सगळे आहेत, आणि वाटून घ्यायला जमणार नाही. टेकडीवर माझ्याकडे दोघांपुरती जागा आहे. पण आता ही माणसं काय, फार जागा खात नाहीत. सगळ्यांना तिथेच नेऊ. मीही येईनच मागून. ज्याला हे पटत नसेल त्याने आत्ता बोलावं."

तेव्हा जनीन सग्डेन माणसांमधून पुढे आली. तिच्या हातात रीसचा शाळेतला खाऊचा डबा होता. लहानपणापासून नोरीनच्या गल्लीत वाढलेली मुलगी, पण आज तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. ती सेथसमोरून गेली, त्याच्याकडे पाहिलंही नाही. नोरीनच्या पुढ्यात येऊन थांबली. आता ही थोबाडीत देणार, नोरीनला वाटलं, आणि तिने तोंड पुढे केलं.

"आंटी, रीसच्या जागी तो नवा गोलकीपर आला, त्याचे कपडे तुम्हीच धुतलेत?"

"मीच."

"त्यावर पांढरं असायचं?"

"असायचं. गुडघ्यांना, कोपरांना. दर वेळी."

जनीनने विचारलं, "गार पाण्यात धुतलेत की गरम?"

नोरीनला प्रश्न कळला नाही. तिने नुसतं खरं ते सांगितलं. "गरम. कढत पाण्यात. डाग निघत नव्हते, म्हणून दोन-दोनदा."

जनीनने मान डोलावली.

"बरं केलंत," ती म्हणाली. "त्याला गार पाणी अजिबात सोसायचं नाही. इथल्या नळाच्या गार पाण्याला शिव्या घालत तसाच चिखलाने भरलेला घरी यायचा मेला."

नोरीन थपडेसाठी तोंड पुढे करून उभी होती, ती तशीच उभी राहिली. मग तिने जनीनला धरलं, आणि सहा वर्षांत रडली नव्हती तशी, सगळ्या गावासमोर भोकाड पसरून रडली.